प्लाय सुटतायत? चौथा गम आणण्याआधी हे पाहा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. इंदूरला सांवेर रोडवर तुमचं टिश्यू कन्व्हर्टिंगचं छोटं युनिट आहे. जम्बो रील बाहेरून येतात आणि तुम्ही दोन प्लायचा, म्हणजे दोन थरांचा, टॉयलेट रोल, किचन टॉवेल आणि थोडेफार नॅपकिन काढता. रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) झाली त्याच आठवड्यात प्लाय सुटायला लागले. तुम्ही गम घट्ट केला, मग जास्त सोडला. रोल पुठ्ठ्यासारखा कडक झाला, एम्बॉसिंग (कागदावर उठवलेली उंचवट्यांची नक्षी) दबलं, काही थर एकमेकांना चिकटून पर्फोरेशनवर, म्हणजे फाडायच्या छिद्रांच्या रेघेवर, नीट फाटेनात, आणि प्लाय तरीही सुटतातच. तीन सप्लायरांचे गम वापरून झाले, आता चौथा कोणता घेऊ, असं विचारताय.

घेऊ नका. निदान या आठवड्यात तरी नाही.

मी या कामात सव्वीस वर्षं आहे. पहिली सहा रिवाइंडरवर (मोठ्या रीलचे छोटे रोल गुंडाळणाऱ्या मशीनवर) ऑपरेटर म्हणून गेली, नंतर लोकांच्या लाइनी बसवून देणं आणि बिघडलेल्या सुधारणं. ‘गम पकडत नाही’ म्हणून बोलावणं आलं आणि जाऊन पाहिल्यावर खरोखर गमच वाईट निघाला, असे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजता येतील. मात्र गम बदलणं सगळ्यात सोपं असतं, फोन केला की दुपारी कॅन हजर, म्हणून सगळ्यांचा हात आधी तिकडेच जातो.

तुमच्या लिहिण्यातच दोन खुणा आहेत. त्रास उन्हाळा लागताना सुरू झाला, ही एक. आणि गम वाढवूनही पकड वाढली नाही, ही दुसरी. गम नुसता कमी पडत असता तर वाढवल्यावर थोडा तरी फरक दिसायला हवा होता. फरक शून्य, म्हणजे गम कागदावर पोचतोय पण दोन प्लाय भेटायच्या आत त्याचं काहीतरी होतंय, नाहीतर भेटताना पुरेसा दाब पडत नाही. मी शोधायला लागलो तर एवढंच शोधेन: एम्बॉसिंगच्या उंचवट्याच्या टोकावर गमचा ठिपका बसल्यापासून निपमधून (दोन रोल जिथे कागद दाबतात त्या फटीतून) बाहेर पडेपर्यंत त्या ठिपक्याचं काय होतं.

इथे मशीनप्रमाणे उत्तर बदलतं, तेही सांगून टाकतो. तुमची लाइन नेस्टेड असेल तर एका प्लायचे उंचवटे दुसऱ्याच्या उंचवट्यांमधल्या खळग्यांत बसतात. गम एकाच प्लायच्या टोकांना लागतो आणि मग रबराचा मॅरिंग रोल दोन्ही प्लाय एकत्र दाबतो. तिथे सगळी भिस्त त्या रबरावर. पॉइंट-टू-पॉइंट असेल तर टोकाला टोक भिडतं, दोन स्टील रोल एकमेकांशी अचूक जुळलेले लागतात, आणि अर्धा मिलिमीटर सरकले तरी गम लागलेलं टोक हवेत राहतं. बाकी वेग, कागद, रीलचं वय, शेड कुठल्या दिशेला तोंड करून आहे, हे सगळं वेगवेगळं. त्यामुळे माझे आकडे जसेच्या तसे उचलू नका, पद्धत उचला.

पहिलं काम म्हणजे सुटलेला प्लाय वाचायचा. एक ताजी शीट घ्या, कालची एक घ्या आणि आठवड्यापूर्वीची एक. खिडकीशी उभं राहून तिरप्या उजेडात प्लाय हळूहळू सोडवा. एमटी क्लॉथ मार्केटमध्ये कापडाचे धागे मोजायला व्यापारी जे घडीचं छोटं भिंग वापरतात, ते एक आणून ठेवा. या कामाला त्याच्याइतकं उपयोगी आणि स्वस्त हत्यार दुसरं नाही.

भिंगाखाली काय दिसतं त्यावर पुढचा रस्ता ठरतो. एका प्लायवर चकचकीत, वाळलेले ठिपके आहेत आणि समोरच्या प्लायवर त्या जागी काहीच नाही, कागद अगदी कोरा, असं दिसलं तर गम पलीकडे गेलाच नाही. तो निपच्या आधी सुकला किंवा दाब पडला नाही. ठिपक्यावर समोरच्या प्लायचे तंतू उपटून आलेले दिसले, बारीक लव असल्यासारखे, तर गमनं त्याचं काम चोख केलंय आणि कागद फाटून सुटलाय. मग ठिपके संख्येनं कमी आहेत का, किंवा कागदच कच्चा आहे का, ते बघायचं. आणि कुठेच ठिपका नाही असं असेल तर गम टोकापर्यंत पोचलाच नाही: अ‍ॅप्लिकेटर (गम लावणारा रोल) टेकत नाही, अ‍ॅनिलॉक्सचे, म्हणजे गम मोजून उचलणाऱ्या रोलचे, खळगे वाळलेल्या गमनं बुजलेत, किंवा टोकांवर कागदाची धूळ बसून टोपी झालीय. रिसायकल पल्पच्या रीलवर हा तिसरा प्रकार मी फार पाहिलाय.

तुमच्या बाबतीत पहिला प्रकार निघेल असा माझा अंदाज आहे.

ठिपके पारदर्शक असल्यामुळे डोळ्यांना दगा देतात. त्यासाठी माझी जुनी युक्ती म्हणजे निळा खाण्याचा रंग. चिमूटभर रंग थोड्या पाण्यात विरघळवून बादलीभर गममध्ये टाका, पन्नास-साठ मीटर कागद नेहमीच्या वेगानं काढा आणि तो पट्टा जमिनीवर पसरून पूर्ण रुंदीत बघा. पहिल्यांदा हे बघणाऱ्या मालकाचा चेहरा बघण्यासारखा असतो. आपण समजत असतो की गम सगळीकडे सारखा लागतोय. प्रत्यक्षात डाव्या कडेला निळं नक्षीकाम, मधे विरळ, उजवीकडे चार इंच नुसता पांढरा, आणि दर काही फुटांनी तोच एक डाग पुन्हा पुन्हा. तो पुन्हा येणारा डाग किती अंतरानं येतो ते टेपनं मोजा आणि रोलांचे परीघ मोजा. ज्याचा परीघ जुळेल तो रोल दोषी. आयोडीनची परीक्षाही काही जण सांगतील. खळीच्या, म्हणजे स्टार्चच्या, गमला ती चालते, पण मिलमध्ये कागदातही स्टार्च घातलेला असू शकतो. मग सगळी शीटच निळी होते आणि तुम्ही तिथेच.

आता तो कडक रोल. इथे जरा हिशेब करू, कारण गम वाढवत राहण्यातला तोटा त्यातून दिसतो. समजा १५ जीएसएमचे दोन प्लाय, म्हणजे चौरस मीटरला ३० ग्रॅम कागद. एम्बॉसिंगच्या टोकांचं क्षेत्रफळ ५ टक्के धरा आणि त्या टोकांवर १० मायक्रॉनचा ओला थर. चौरस मीटरला ओला गम झाला अर्धा ग्रॅम. त्यात घन भाग ५ टक्के असेल तर सुका गम भरतो ०.०२५ ग्रॅम. उरलेलं सगळं पाणी. एवढ्याशा गमवर दोन प्लाय व्यवस्थित धरून राहतात. आता तुम्ही तोच गम सहापट सोडला. चौरस मीटरला जवळजवळ ३ ग्रॅम पाणी झालं, म्हणजे कागदाच्या वजनाच्या १० टक्के. टिश्यूचा मऊपणा कशात असतो? मिलमध्ये यँकी सिलिंडरवरून (कागद वाळवायच्या मोठ्या तापलेल्या सिलिंडरवरून) ब्लेडनं कागद खरवडून काढताना पडलेल्या बारीक चुण्यांत, ज्याला आपण क्रेप म्हणतो. पाणी लागलं की त्या चुण्या सैल होतात, एम्बॉसिंगचे उंचवटे खाली बसतात, आणि वाळताना तंतू एकमेकांना घट्ट धरतात. तुमचा रोल गमनं जेवढा कडक झाला त्याहून जास्त पाण्यानं झालाय. आणि उंचवटे बसले की लॉगचा (कापण्याआधीच्या लांब रोलचा) व्यासही भरत नाही, मग ऑपरेटर आणखी कागद गुंडाळतो. म्हणजे गमचा खर्च वाढला, कागदाचा वाढला, आणि माल परत.

पुढची गोष्ट उन्हाळ्याची. कागद हवेतून ओल घेतो आणि सोडतो. हवेत ५० टक्के आर्द्रता असेल तर कागदात साधारण ६ ते ७ टक्के ओल राहते. इंदूरला एप्रिल-मेच्या दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली उतरते. पत्र्याच्या शेडमध्ये प्लास्टिक काढून उभी केलेली रील बाहेरच्या थरांपासून सुकत जाते आणि त्या थरांतली ओल ३-४ टक्क्यांवर येते. असा तहानलेला कागद गमला भेटला की आधी त्याचं पाणी ओढून घेतो. ठिपका वरून सुकतो, त्याच्यावर साय धरते, आणि निपमध्ये पोचेपर्यंत त्याच्यात समोरच्या प्लायला धरण्याइतका ओलावाच उरत नाही. भिंगाखाली दिसणारा तो चकचकीत ठिपका म्हणजे ही साय.

यात वेगाचा भाग उलटा आहे आणि तो फार जणांना पटत नाही. प्लाय सुटायला लागले की ऑपरेटर मशीन हळू करतो. त्याला वाटतं, सावकाश चालवलं तर चांगलं चिकटेल. अ‍ॅप्लिकेटरपासून मॅरिंग रोलच्या निपपर्यंतचं अंतर मोजा. ४० सेंटिमीटर धरलं तर मिनिटाला १०० मीटर वेगानं ते पाव सेकंदात संपतं. तेच ३० मीटरनं चालवलं तर ०.८ सेकंद लागतं. म्हणजे सुकायला तिप्पट वेळ आपणच दिला! कोरड्या कागदावर मशीन हळू करणं म्हणजे दुखण्याला खतपाणी. मी अशा वेळी उलट वेग थोडा वाढवून बघतो. अर्थात वेगालाही मर्यादा आहे. फार वाढवलात तर गमचे तुषार उडायला लागतात आणि सगळ्या फ्रेमवर गम. तेव्हा दहा-दहा मीटरनं वाढवा आणि प्रत्येक टप्प्याची शीट काढून त्यावर वेग लिहून ठेवा.

कोरडेपणाच कारण आहे का, याची खात्री करायची एक फुकटची परीक्षा आहे. एकच रील घ्या. वरच्या थरांतला माल आणि त्याच रीलच्या पोटातला माल वेगळा ठेवा. पोटातला माल चांगला धरत असेल आणि वरचा सुटत असेल तर गमचा, रोलचा, कुणाचाच दोष नाही. वरचे थर सुकलेत. तसंच सकाळी सातचा माल आणि दुपारी तीनचा माल शेजारी ठेवून सोडवून बघा.

उपाय फार खर्चाचे नाहीत. रील मशीनवर चढेपर्यंत तिचं प्लास्टिक काढू नका आणि अर्धी वापरलेली रील पुन्हा गुंडाळून ठेवा. पश्चिमेच्या भिंतीला, जिथे दुपारभर पत्रा तापतो, तिथे रील रचू नका. शेडमध्ये दोन मोठे डेझर्ट कूलर लावून आर्द्रता पन्नासच्या आसपास आणता आली तर अर्धं काम झालं. फक्त त्यांचा झोत चालत्या कागदावर किंवा गमच्या पॅनवर येता कामा नये. मी एका ठिकाणी कूलरचं तोंड नेमकं गम रोलकडे केलेलं पाहिलंय, ऑपरेटरला वारा लागावा म्हणून. गम पॅनमध्येच साय धरत होता. पाचशे रुपयांचं आर्द्रतामापक शेडमध्ये टांगा आणि रोज दोनदा वहीत आकडा लिहा. ही वही दोन वर्षांनी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त सांगेल. आणि गमच्या सप्लायरकडे ‘जास्त चिकट’ माल मागण्याऐवजी ‘उशिरा सुकणारा’ माल मागा. दोन्ही वेगळे गुण आहेत. गममध्ये शेकडा एक भाग ग्लिसरीन घालून छोट्या बादलीत चाचणी घेतली तरी अंदाज येतो.

पावसाळ्यात याच्या उलट त्रास सुरू होईल, तेव्हा मला दोष देऊ नका. जुलै-ऑगस्टमध्ये कागद ओलसर, लुसलुशीत होतो, एम्बॉसिंग धरत नाही, गम सुकत नाही आणि प्लाय ताजे असताना घसरतात. तेव्हा पाणी कमी आणि घन भाग जास्त असलेला गम पातळ थरात लावायचा. एकच सेटिंग बारा महिने चालवायचा हट्ट मी तरी सोडून दिलाय.

आता दाब. मॅरिंग रोल थांबवून निपमध्ये रुंदीभर तीन ठिकाणी पांढरा कागद आणि कार्बन पेपर ठेवा, रोल चालवायच्या दाबानं टेकवा, सोडा. डावीकडे, मधे, उजवीकडे कार्बनच्या ठशाची रुंदी सारखी यायला हवी. देवास नाक्याकडच्या एका युनिटमध्ये माल नेहमी डाव्या कडेनं सुटायचा. मालकानं दोनदा गम बदलला होता, एकदा जम्बो रीलची गाडी परत पाठवली होती. कार्बनचा ठसा काढला तर उजवीकडे १२ मिलिमीटर, मधे ११ आणि डावीकडे ४. डाव्या बेअरिंगच्या हाउसिंगचे बोल्ट सैल होते. पाना, दोन माणसं, अर्धा तास. मालक हसले नाहीत, आणि मीही हसलो नाही, कारण गाडीभाडं त्यांच्या खिशातून गेलं होतं.

रबराकडे वेगळं बघायला लागतं. रबर वर्षागणिक कडक होत जातं, वर गमचा पापुद्रा चढतो आणि पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. असा रोल दिसायला गोल असला तरी उंचवट्यांवर नीट बसत नाही. शोर ए मीटर घेऊन रुंदीभर पाच ठिकाणी कडकपणा मोजा आणि रोल नवा आला तेव्हाच्या आकड्याशी ताडून बघा. तो आकडा लिहून ठेवलेला नसेल तर रोल ग्राइंड करून आणाल तेव्हापासून लिहायला लागा. साफ करायला कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. थिनर लावू नका, रबर फुगतं.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात, ती म्हणजे दोन रीलचा ताण. क्रेप कागद स्प्रिंगसारखा ताणला जातो. वरचा प्लाय जास्त ब्रेकवर आणि खालचा सैल असेल तर निपमध्ये दोघं सोबत चिकटतात, पण बाहेर पडल्यावर ताणलेला प्लाय मागे सरकायला बघतो आणि प्रत्येक ठिपका ओढला जातो. ताजा माल धरलेला आणि तासाभरानं सुटलेला, असं असेल तर आधी इथे बघा. शीट कापून टेबलावर ठेवली की ती एका बाजूला वळते, हीच त्याची खूण. वेगवेगळ्या लॉटच्या रील एकत्र चढवल्या की हे हमखास होतं.

त्याच ओघात रील कुठल्या दिशेनं उलगडते तेही बघा. यँकीला लागलेली बाजू गुळगुळीत असते आणि गिऱ्हाइकाच्या हाताला ती लागावी म्हणून ती बाहेर ठेवायची पद्धत आहे. खरखरीत बाजू आत राहते आणि गमला तीच सोयीची. रात्रपाळीत कुणी रील उलटी चढवली तर गुळगुळीत बाजू आत येते. तिच्यावर मिलमधल्या कोटिंगचा आणि रिलीज ऑइलचा अंशही असू शकतो. बोट फिरवलं तरी फरक कळतो.

इतकं सगळं झाल्यावर गमचा कॅन उघडू या.

आधी नावाचा घोळ. बाजारात पॉलिव्हिनाइल अल्कोहोललाही पीव्हीए म्हणतात आणि सुताराच्या पांढऱ्या गोंदातल्या पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेटलाही. टॉयलेट रोलच्या लॅमिनेशनला, म्हणजे प्लाय चिकटवायला, पहिला. दुसरा पाण्यात पातळ करून काही जण चालवतात. तो रोलांवर वाळला की खरवडून काढावा लागतो आणि कागद पाण्यात नीट विरघळत नाही. पहिल्यातही दोन जाती आहेत. ८७-८९ टक्के हायड्रोलाइज्ड ग्रेड वाळल्यावरही पाण्यात पुन्हा सुटते, म्हणून ती टॉयलेट रोलला योग्य. ९८-९९ टक्क्यांची ग्रेड थंड पाण्याला दाद देत नाही, ती किचन टॉवेलला, कारण ओल्या ओट्यावर टॉवेलचे प्लाय वेगळे झाले तर गिऱ्हाईक लगेच नाव ठेवतं. एकाच कॅनमधून दोन्ही माल काढण्याचा मोह टाळा. टॉवेलच्या कागदात वेट स्ट्रेंथ रेझिन (ओला झाला तरी फाटू नये म्हणून घातलेलं) असतं आणि तो कागद गम जरा सावकाश पितो, हेही लक्षात असू द्या.

पावडर घेऊन घरी शिजवत असाल तर ती थंड पाण्यात ढवळत भुरभुरायची आणि मग तापवायचं. गरम पाण्यात टाकली की रव्याच्या गुठळ्या होतात तशा गुठळ्या होतात, आत कोरड्या. ९८ टक्क्यांच्या ग्रेडला ९० ते ९५ अंशांवर अर्धा तास तरी ठेवावं लागतं. अर्धवट शिजलेला गम दिसायला ठीक दिसतो आणि अ‍ॅनिलॉक्सच्या खळग्यांत बारीक कण सोडतो. नायलॉनच्या कापडातून गाळल्याशिवाय पॅनमध्ये ओतू नका. पाणी शक्यतो नर्मदेचं घ्या. शहरात ते १९७८ मध्ये आलं, तरी शेडमध्ये अजून बोअरचंच वापरलं जातं आणि आपल्याकडच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं, असतं. सीएमसीचा (सेल्युलोजपासून केलेल्या पावडरीचा) गम वापरत असाल तर जड पाण्यात तो अपेक्षेपेक्षा पातळ पडतो, आणि मग ऑपरेटर पावडर वाढवत बसतो.

‘घट्ट केला’ म्हणजे किती, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि बहुतेक युनिटांत कुणी लिहीत नाही. चार नंबरचा फोर्ड कप (तळाला छिद्र असलेला; तो रिकामा व्हायला किती सेकंद लागतात त्यावरून गमचा घट्टपणा कळतो) आणि मोबाइलचं स्टॉपवॉच, दोन्ही पुरे. सेकंदांच्या शेजारी गमचं तापमान लिहा, कारण तोच गम जानेवारीच्या सकाळी आणि मेच्या दुपारी वेगवेगळे सेकंद दाखवतो. त्यात शिळेपणाची भर. खळ किंवा सीएमसी असलेला गम उन्हाळ्यात रात्रभर उघडा राहिला की आंबतो आणि पातळ होतो. आंबट वास आला की टाकून द्या. त्याच्यावर ताजा ओतणं म्हणजे विरजण लावणं.

बादल्यांचं मात्र कटाक्षानं पाळा. खूप वर्षांपूर्वी रात्री दोनच्या सुमाराला ऑपरेटरचा फोन आला, “भिया, गम तो जेली हो गया, डंडे से उठ रहा है।” जाऊन बघितलं तर खरंच, काठीनं उचललं तर अख्खा बादलीभर लगदा लोंबत वर यायचा. पुठ्ठ्याच्या कोअरचा (रोलच्या मधल्या नळीचा) डेक्स्ट्रिन गम ज्या बादलीत होता ती न धुता तिच्यात लॅमिनेशनचा गम ओतला होता. कोअरच्या गममध्ये टाकणखार (बोरॅक्स) असतो, आणि टाकणखार नि पॉलिव्हिनाइल अल्कोहोल भेटले की असाच रबरासारखा गोळा होतो. पोरं खेळायला ‘स्लाइम’ करतात ते हेच. पूर्ण पाइपलाइन उघडून धुवायला सकाळचे आठ वाजले. तेव्हापासून मी कोअरची बादली लाल आणि लॅमिनेशनची पांढरी ठेवायला लावतो.

नॅपकिनचं थोडक्यात. तुमच्या नॅपकिनला बहुधा गम नसेल, कडेला दातेरी चाकांनी दाबून प्लाय धरत असाल. दिवाळीत करंजीची कड कातणीनं कापताना जशी दबून मिटते, तसंच हे. तंतू एकमेकांत चिरडले जाऊन धरतात. करंजीची पारी कोरडी पडली की कड तेलात उघडते आणि सारण बाहेर. इथेही कोरड्या कागदावर चाकं धरण्याऐवजी कापतात. म्हणून गम नसतानाही नॅपकिन याच महिन्यांत सुटत असतील, तर कोरडेपणाची आणखी एक साक्ष मिळाली. दाब वाढवण्याआधी चाकांचे दात झिजलेत का आणि त्यांत कागदाचा भुसा भरलाय का, ते बघा.

तेव्हा माझा क्रम असा असेल: आज भिंग आणि सोडवलेल्या शीटा, उद्या निळा पट्टा आणि कार्बनचा ठसा, परवा एका रीलच्या वरचा आणि पोटातला माल. गमचं प्रमाण तोवर सप्लायरनं सांगितलेल्या मूळ आकड्यावर आणून ठेवा, कारण वाढवलेल्या गमवर केलेली कुठलीही चाचणी काही सांगत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. कार्बनचा ठसा तिन्ही ठिकाणी सारखा आला आणि पोटातला मालही वरच्यासारखाच सुटला, तर माझा अंदाज चुकला. मग फोर्ड कपचे सेकंद, गमचं तापमान, मशीनचा वेग आणि ते चाळीस सेंटिमीटरवालं अंतर लिहून कळवा, पुढचं त्यावरून बघू.

आणि निळा रंग वापराल तेव्हा पॅन, पंप, नळ्या, अ‍ॅनिलॉक्स, सगळं दोनदा धुवा, मग पांढरा पट्टा काढून खात्री करा. मी एकदा नळी धुवायला विसरलो होतो. लग्नसराई होती. दोन तासांचा माल थेट केटररकडे गेला आणि संध्याकाळी त्याचा फोन आला: जेवणाऱ्यांच्या ओठांना काही झालं नाही, पण वधूच्या मामांच्या पांढऱ्या सफारीवर निळे ठिपके उमटलेत, तेही अगदी एकसारख्या अंतरावर.